मालकी की भाडे? : संगणनशक्तीच्या व्यापाराचा आर्थिक इतिहास (१९६१-२०२५)

प्रस्तावना :

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने 'इलॅस्टिक कम्प्युट क्लाउड' नावाची सेवा चाचणीसाठी खुली केली. १.७ गिगाहर्ट्‌झ वेगाच्या प्रोसेसरशी तुल्य शक्ती, पावणेदोन गिगाबाइट स्मृती आणि १६० गिगाबाइट साठवण असलेले एक यंत्र तासाला १० सेंट या दराने भाड्याने मिळू लागले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीची साठवण सेवा सुरू झाली होती. तिचा दर दरमहा दर गिगाबाइटला १५ सेंट होता. या व्यवहाराला ना अनामत रक्कम लागत होती, ना दीर्घ मुदतीचा करारनामा, ना विक्रेत्याशी वाटाघाटी. पुस्तके विकणाऱ्या दुकानाने संगणनशक्ती तासावर विकावी, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले.

वास्तविक, या व्यवहारात नवीन असे फारसे काही नव्हते. संगणक विकत न घेता त्याचा वेळ विकत घ्यावा ही कल्पना त्याआधी ४५ वर्षे मांडली गेली होती. ती एकदा व्यवहारात उतरली, काही काळ भरभराटीस आली आणि नंतर मोडीतही निघाली होती. तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकापुढे खरा प्रश्न असा आहे की, जी कल्पना १९७० च्या दशकात बाजारात टिकली नाही, तीच २००६ नंतर यशस्वी का झाली? क्लाउड संगणनाविषयीच्या बहुतेक लेखनात या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानाच्या प्रगतीत शोधले जाते. प्रस्तुत लेखात ते प्रामुख्याने खर्चाच्या रचनेत शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

विजेचे रूपक :

१९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत जॉन मॅकार्थी यांनी एक भाकीत केले. टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून संघटित होऊ शकेल आणि ग्राहक वापरेल तेवढ्याचेच पैसे देईल, असा त्याचा आशय होता. १९६४ मध्ये मार्टिन ग्रीनबर्गर यांनी 'अटलांटिक मंथली'त विजेच्या उद्योगाशी तुलना करून हाच विचार विस्ताराने मांडला, तर १९६६ मध्ये डग्लस पार्कहिल यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हापासून विजेचे रूपक या विषयाला चिकटले आहे. निकोलस कार यांच्या २००८ मधील ग्रंथाची मांडणीही त्यावरच आधारलेली आहे.

हे रूपक तपासून पाहण्यासाठी मुंबईचा दाखला पुरेसा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील कापड गिरण्यांची चाके वाफेवर फिरत. प्रत्येक गिरणीचे स्वतःचे बॉयलर, स्वतःचे इंजिन, दुरून आणलेला कोळसा आणि ते सांभाळणारी माणसे असत. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. लोणावळा परिसरात अडवलेले पाणी खोपोलीस उतरवून तयार झालेली वीज १९१५ पासून मुंबईस मिळू लागली. यथावकाश गिरणीमालकांनी स्वतःची शक्ती निर्माण करण्याचा उद्योग सोडून ती मोजून विकत घेण्यास सुरुवात केली. वाफेच्या इंजिनात गुंतणारे भांडवल चात्यांत आणि मागांत गुंतवता येणे, हा त्यांचा लाभ होता. वीज कंपनीला गिरण्यांची दिवसभर चालणारी, एकसारखी आणि अंदाज बांधता येणारी मागणी मिळाली.

ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. शिकागोत सॅम्युअल इन्सल यांनी वीज व्यवसाय उभारताना जे तत्त्व ओळखले ते हेच होते. जनित्र बसवण्याचा खर्च सर्वाधिक मागणीच्या क्षणावरून ठरतो. उत्पन्न मात्र वर्षभरातील एकूण विक्रीवर अवलंबून असते. या दोहोंचे गुणोत्तर, म्हणजे भार गुणक, जितका चांगला तितकी वीज स्वस्त पडते. म्हणूनच संध्याकाळी दिवे लावणाऱ्या घरांबरोबर दिवसा चालणारे कारखाने आणि सकाळ-संध्याकाळ धावणाऱ्या ट्रॅम, असे निरनिराळ्या वेळी वीज मागणारे ग्राहक इन्सल यांनी एकत्र आणले आणि त्यांना निरनिराळे दर लावले. केंद्रीय वीजपुरवठ्याचे यश मोठ्या यंत्रात होते, तसेच ते ग्राहकांच्या वेळा न जुळण्यातही होते.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. गिरण्यांना मिळणाऱ्या स्वस्त विजेच्या देयकात मावळातल्या बुडालेल्या भातखाचरांची किंमत धरलेली नव्हती. सार्वजनिक सेवेचा दर ठरतो तेव्हा कोणता खर्च हिशेबात येतो आणि कोणता बाहेर राहतो, हा प्रश्न वीज उद्योगाच्या बाबतीत जितका जुना आहे तितकाच, आज प्रचंड वीज घेणाऱ्या डेटा सेंटरांच्या बाबतीत, नवा आहे.

कालविभागणीचे दशक :

आरंभीच्या काळात संगणक भाड्यानेच मिळत असे. आयबीएम आपली यंत्रे विकत नसे. ती मासिक भाड्याने देई. १९५६ मध्ये अमेरिकन सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार तिला यंत्रे विकणेही भाग पडले आणि ग्राहकांचे काम स्वतःच्या यंत्रांवर करून देण्याचा तिचा व्यवसाय 'सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन' या वेगळ्या कंपनीकडे सोपवावा लागला. (पुढे १९७३ मध्ये एका मक्तेदारीविरोधी दाव्याच्या तडजोडीत ही कंपनी प्रतिस्पर्धी कंट्रोल डेटाकडे गेली.) म्हणजे 'मालकी की भाडे' या प्रश्नात न्यायालये आणि शासन प्रारंभापासूनच गुंतलेली होती.

यंत्र अत्यंत महाग आणि मनुष्याचा वेळ तुलनेने स्वस्त, अशी तेव्हाची स्थिती होती. कार्डांचा गठ्ठा देऊन निकालासाठी तासन् तास थांबणे हे संशोधकाच्या अंगवळणी पडले होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो यांनी एमआयटीत कालविभागणीची पद्धत दाखवली. एकच यंत्र अनेकांची कामे इतक्या जलद आळीपाळीने करते की प्रत्येकास ते आपल्याच सेवेत असल्याचा भास होतो. मनुष्य विचार करीत असतो तेव्हा यंत्राने रिकामे न बसता दुसऱ्याचे काम करावे, एवढे साधे हे तत्त्व आहे. १९६४ मध्ये डार्टमाउथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्‌झ यांनी ते विद्यार्थ्यांपर्यंत नेले. बेसिक ही भाषा त्याच उपक्रमातून जन्मली. १९६५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने या पद्धतीवर आधारित व्यापारी सेवा सुरू केली. टाइमशेअरसारख्या कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. ग्राहकाच्या कार्यालयात टेलिटाइप यंत्र असे, टेलिफोनच्या तारेवरून ते दूरच्या संगणकाशी जोडले जाई आणि जोडणीचा वेळ व प्रोसेसरचा वापर यांनुसार आकारणी होई. २००६ मधील देयकाचा नमुना येथेच तयार झालेला दिसतो.

या व्यवसायाचा आर्थिक आधार 'ग्रोशचा नियम' हा होता. हर्बर्ट ग्रोश यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या या नियमानुसार संगणकाची शक्ती त्याच्या किमतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजेच दुप्पट पैसे मोजल्यास चौपट शक्ती मिळते. हे खरे असेल तर दहा लहान यंत्रे घेण्यापेक्षा एक मोठे यंत्र वाटून घेणे केव्हाही शहाणपणाचे ठरते. एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून हाती घेतलेला 'मल्टिक्स' हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प याच श्रद्धेवर उभा होता. वीज व टेलिफोनप्रमाणे अहोरात्र चालणारी संगणन सेवा हे त्याचे ध्येय होते. प्रकल्प लांबला, खर्च वाढला आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. तेथून बाहेर पडलेल्या मंडळींनी लहान यंत्रासाठी 'युनिक्स' लिहिली. केंद्रीकरणाच्या सर्वांत मोठ्या स्वप्नातून विकेंद्रीकरणाचे सर्वांत टिकाऊ साधन निघाले, हा इतिहासातील गमतीदार योगायोग म्हणावा लागेल.

मालकीचे पर्व :

ग्रोशचा नियम मोडला तो लहान यंत्रांनी. १९६५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-८ सुमारे १८ हजार डॉलरला मिळू लागला. १९७१ मध्ये इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर आला, १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर. हिशेबनिसाला जे काम भाड्याच्या संगणकावर मिनिटांच्या हिशेबाने करावे लागे, ते आता टेबलावरच्या यंत्रात, मीटर न फिरता, होऊ लागले. मीटर नसणे हे केवळ स्वस्ताईचे लक्षण नव्हते. प्रत्येक चुकीचे पैसे पडत नसल्यामुळे माणसे निर्धास्तपणे प्रयोग करू लागली.

त्याच वेळी दळणवळणाचा खर्च मात्र यंत्राच्या किमतीइतक्या वेगाने उतरला नाही. दूरच्या संगणकापर्यंत पोचण्यासाठी लागणारी टेलिफोनची तार महाग राहिली आणि जवळचा संगणक स्वस्त झाला. अशा स्थितीत भाड्याचा धंदा टिकणे शक्यच नव्हते. टाइमशेअर कंपनी १९८४ मध्ये मॅक्डोनेल डग्लसने घेतली आणि हे पर्व जवळजवळ संपले. १९६० च्या दशकातील द्रष्ट्यांचे भाकीत चुकले ते तंत्रज्ञान न जमल्यामुळे नव्हे, हे येथे स्पष्ट होते. तंत्रज्ञान जमले होते. सापेक्ष किमती उलटल्या.

भारतातील क्रम याहून काहीसा वेगळा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये स्वदेशी बनावटीचा 'टिफ्रॅक' कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. देशातील अनेक विद्यापीठांनी व संशोधन संस्थांनी त्याचा वापर केला. एका संस्थेचे यंत्र अनेकांनी वाटून घेण्याचा हा आपल्याकडील आद्य नमुना होय. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची प्रारंभीची कामेही याच जातीची होती : टिस्कोसाठी पंचकार्डांचे काम, युनिट ट्रस्ट ऑफ इंडियासाठी ब्युरो सेवा, सेंट्रल बँकेच्या शाखांतर्गत हिशेबांचा मेळ. आज जगभर क्लाउडवरील स्थलांतराचे कंत्राट घेणारी ही कंपनी मुळात संगणनाचा वेळ विकणाऱ्या दुकानासारखीच होती. आयबीएम भारतात जुनी १४०१ यंत्रे दुरुस्त करून भाड्याने देत असे. परदेशी भागभांडवलावरील निर्बंध मान्य नसल्यामुळे तिने १९७८ मध्ये येथील व्यवसाय आवरला. भाड्याने देणारा सर्वांत मोठा मालक निघून गेला की भाडेकरूंचे काय होते, याचा धडा भारतीय संस्थांना तेव्हाच मिळाला होता. शासकीय कंपनी असलेल्या सीएमसीने या यंत्रांची देखभाल हाती घेतली म्हणून निभावले.

भाड्याचे पुनरागमन :

१९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटच्या तेजीत भाड्याचा विचार पुन्हा डोके वर काढू लागला. १९९९ मध्ये सेल्सफोर्सने सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वर्गणीने देण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लाउडक्लाउडने इतरांची संकेतस्थळे स्वतःच्या यंत्रांवर चालवण्याचा व्यवसाय मांडला. तिचे ग्राहक मुख्यतः नव्याने निघालेल्या इंटरनेट कंपन्या होत्या. त्या एकदम बुडाल्या आणि २००२ मध्ये लाउडक्लाउडला हा व्यवसाय ईडीएसला ६ कोटी ३५ लाख डॉलरला विकावा लागला. सर्व ग्राहक एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जाणार असतील तर इन्सल यांचे तत्त्व निरुपयोगी ठरते, हे या उदाहरणावरून दिसते.

परंतु या मंदीने पुढील यशाची पायाभरणी केली. तेजीच्या काळात समुद्राखालून व जमिनीखालून गरजेपेक्षा कितीतरी अधिक फायबर केबल टाकली गेली होती. ग्लोबल क्रॉसिंग आणि वर्ल्डकॉम या कंपन्या २००२ मध्ये दिवाळखोरीत गेल्या, पण केबल जागेवरच राहिली. टायको कंपनीने अब्जावधी डॉलर खर्चून उभारलेले जागतिक जाळे मुंबईच्या विदेश संचार निगम लिमिटेडने २००५ मध्ये अवघ्या १३ कोटी डॉलरला घेतले. गुंतवणूकदारांचे भांडवल बुडाले आणि दळणवळण स्वस्त झाले. १९७० च्या दशकात भाड्याच्या धंद्याला ज्या खर्चाने मारले होते, तो खर्चच आता नाममात्र उरला.

दुसरा बदल आभासीकरणाचा. एका यंत्राची अनेक स्वतंत्र यंत्रे भासवण्याचे तंत्र आयबीएमकडे १९६० च्या दशकापासून होते. परंतु स्वस्त, सर्वत्र मिळणाऱ्या यंत्रांवर ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्हीएमवेअरने आणले. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' हे मुक्त सॉफ्टवेअर आले. ॲमेझॉनची सेवा त्यावरच उभी राहिली.

ॲमेझॉनच्या या सेवेविषयी एक कथा फार प्रचलित आहे. नाताळच्या गर्दीसाठी घेतलेले सर्व्हर उरलेले वर्षभर पडून असत, म्हणून कंपनीने ते भाड्याने देण्यास काढले, असे सांगितले जाते. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात ही कथा सांगण्यास सोयीची असली तरी ती ग्राह्य वाटत नाही. तसे असते तर दर नोव्हेंबरात कंपनीला भाडेकरूंकडून यंत्रे परत घ्यावी लागली असती. कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी वर्नर व्होगेल्स यांनीही ती जाहीरपणे नाकारली आहे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे लहानशा चमूने ही सेवा स्वतंत्र व्यवसाय म्हणूनच विकसित केली.

भाड्याचे गणित :

२००९ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी क्लाउडच्या अर्थकारणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सामान्य डेटा सेंटरमधील सर्व्हरांचा सरासरी वापर ५ ते २० टक्केच असतो, असे अंदाज त्यांनी नोंदवले. मालक सर्वाधिक गर्दीच्या दिवसाची यंत्रे विकत घेतो आणि उरलेले दिवस ती रिकामी फिरतात.

यातील तत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका सर्व्हरची किंमत, वीज, जागा आणि देखभाल मिळून पाच वर्षांत ६,५७,००० रुपये खर्च येतो. पाच वर्षांत ४३,८०० तास असतात. म्हणजे तासाला १५ रुपये पडले. तसेच यंत्र भाड्याने तासाला ४५ रुपयांना मिळत असेल तर ते तिप्पट महाग दिसते. पण स्वतःचे यंत्र दिवसाला सरासरी आठच तास खऱ्या कामात असेल तर उपयुक्त तासाची किंमत ४५ रुपयेच होते. त्याहून कमी वापर असेल तर भाडे स्वस्त, अधिक असेल तर मालकी. आता परीक्षेचे निकाल जाहीर करणाऱ्या संकेतस्थळाचा विचार करावा. त्याला खरी गर्दी वर्षातून दहा दिवस असते, असे धरल्यास २४० तासांचे भाडे १०,८०० रुपये होते. मालकीचा वार्षिक खर्च मात्र १,३१,४०० रुपये. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता 'सर्व्हर डाऊन' झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना मागणीच्या शिखराचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही.

याहूनही मूलगामी बाब बर्कलीच्या संशोधकांनी निदर्शनास आणली. एक यंत्र हजार तास वापरण्याचे भाडे आणि हजार यंत्रे एक तास वापरण्याचे भाडे सारखेच असते. २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या जुन्या अंकांतील १ कोटी १० लाख लेखांच्या प्रतिमांचे पीडीएफमध्ये रूपांतर १०० भाड्याच्या यंत्रांवर २४ तासांच्या आत केले. तासाला १० सेंट या दराने यंत्रांचे भाडे २४० डॉलरच्या आत बसते. यासाठी १०० यंत्रे विकत घेण्याचा प्रस्ताव कोणत्याही संचालक मंडळाने मान्य केला नसता. २००८ मध्ये ॲनिमोटो या लहान कंपनीची मागणी अशी उसळली की तिची यंत्रे तीन दिवसांत ५० वरून ३,५०० वर गेली. वेळ आणि भांडवल यांची अशी सरळ अदलाबदल पूर्वीच्या कोणत्याही भाडेपद्धतीत शक्य नव्हती.

विक्रेत्याच्या बाजूने पाहता हेच गणित उलटे वाचावे लागते. परस्परांशी संबंध नसलेल्या शंभर ग्राहकांची मागणी एकत्र केल्यास सापेक्ष चढउतार सुमारे एक दशांशावर येतात. २००९ मध्ये ॲमेझॉनने दीर्घ मुदतीच्या ग्राहकांना सवलतीचे दर आणि रिकाम्या यंत्रांसाठी बदलते दर सुरू केले; इन्सल यांच्या दरपत्रकाची ही नवी आवृत्तीच होती. याशिवाय घसाऱ्याचा मुद्दा आहे. ॲमेझॉनने सर्व्हरचे हिशेबी आयुर्मान तीन वर्षांवरून २०२० मध्ये चार, २०२२ मध्ये पाच आणि २०२४ मध्ये सहा वर्षे केले. यंत्रात काहीही न बदलता केवळ ताळेबंदातील गृहीतकामुळे नफा वाढतो. २०२५ मध्ये काही यंत्रांसाठी ही मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली गेली, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्पर्धेत यंत्रे लवकर जुनी होऊ लागली. ग्राहक ज्या खर्चातून मुक्त झाला तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो विक्रेत्याच्या ताळेबंदात जाऊन बसला आहे.

या व्यवसायाची नफाक्षमता प्रथम उघड झाली ती एप्रिल २०१५ मध्ये, ॲमेझॉनने स्वतंत्र आकडे दिले तेव्हा. २०२४ मध्ये या विभागाची विक्री सुमारे १०७.६ अब्ज डॉलर होती आणि कार्यकारी नफा ३९.८ अब्ज. संपूर्ण कंपनीच्या ६८.६ अब्ज डॉलर कार्यकारी नफ्यातील निम्म्याहून अधिक वाटा तासाच्या भाड्यातून आला होता. २००८ मध्ये ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी 'क्लाउड' या शब्दाची जाहीर खिल्ली उडवली होती. त्यांची कंपनी पुढे तोच माल विकू लागली, हे ओघाने आलेच.

बाहेर पडण्याची किंमत :

विजेचे रूपक ज्या ठिकाणी मोडते ते ठिकाण म्हणजे साठवलेली माहिती. गिरणीने वीज कंपनी बदलली असती तर मागे काहीच ठेवावे लागले नसते. युनिट वापरले की संपले. क्लाउडच्या ग्राहकाची माहिती मात्र विक्रेत्याच्या घरात साठत जाते आणि तिच्याभोवती त्याच विक्रेत्याच्या खास सेवांचे जाळे विणले जाते. दरपत्रकही तसेच बेतलेले आहे. ॲमेझॉनने २०११ पासून माहिती आत आणणे विनामूल्य केले. बाहेर नेण्यास अमेरिकेतील प्रारंभीच्या टप्प्याचा दर गिगाबाइटला ९ सेंट होता. १० टेराबाइट माहितीसाठी हा खर्च सुमारे ९०० डॉलर होतो. तीच माहिती २.३ सेंट या दराने महिनाभर ठेवण्यास सुमारे २३० डॉलर लागतात. म्हणजे घर सोडताना चार महिन्यांचे भाडे द्यावे लागते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने विक्रेता बदलण्याचे शुल्क जानेवारी २०२७ पासून बंद करण्याचे ठरवले. तो सप्टेंबर २०२५ मध्ये लागू होण्यापूर्वीच, २०२४ च्या पहिल्या तिमाहीत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ केले. शुल्क खरोखर खर्चावर आधारित असते तर ते इतक्या सहज माफ झाले असते का, हा प्रश्न उपस्थित होतो.

ज्यांची मागणी स्थिर आणि मोठी आहे, त्यांनी मालकीकडे परतण्यास सुरुवात केली आहे. ड्रॉपबॉक्सने २०१५-१६ मध्ये ग्राहकांच्या बहुतांश फायली स्वतःच्या यंत्रांवर हलवल्या आणि दोन वर्षांत सुमारे ७ कोटी ४६ लाख डॉलर वाचल्याचे २०१८ च्या भागविक्रीच्या कागदपत्रांत नमूद केले. २०२२ मध्ये सुमारे ३२ लाख डॉलरचे क्लाउड देयक भरणाऱ्या ३७सिग्नल्सनेही सर्व्हर विकत घेण्याचा निर्णय घेतला. नेटफ्लिक्सचे उदाहरण अधिक बोधक आहे. २००८ मध्ये डेटाबेस बिघडून तीन दिवस तिच्या डीव्हीडी पाठवणे ठप्प झाले, तेव्हापासून तिने क्लाउडची वाट धरली आणि जानेवारी २०१६ मध्ये स्थलांतर पूर्ण केले. परंतु चित्रपट घरोघर पोचवण्याचे अवजड व अखंड काम ती २०१२ पासून स्वतःच्या यंत्रांच्या जाळ्यातून करते. चढउताराचे काम भाड्याच्या यंत्रावर आणि बारमाही काम मालकीच्या यंत्रावर, अशी ही विभागणी आहे. दागिना लग्नापुरता उसना आणावा, पण रोजची भांडी घरचीच असावीत, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक असलेले तत्त्व येथे अब्जावधी डॉलरच्या व्यवहारात दिसते.

केंद्रीकरणाचा आणखी एक खर्च देयकात दिसत नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील एका विभागात बिघाड झाला आणि जगभरातील असंख्य असंबद्ध सेवा एकाच वेळी बंद पडल्या. ग्राहकांच्या मागण्या परस्परांपासून स्वतंत्र असणे हा या व्यवसायाचा पाया. त्यांची संकटे मात्र त्याच व्यवसायाने एकमेकांशी जोडून टाकली आहेत.

भारतीय संस्था आणि आवर्ती खर्च :

भारत सरकारने २०१३ मध्ये 'मेघराज' हे शासकीय क्लाउडचे धोरण आखले आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची सेवा सुरू झाली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये आणि गूगलने नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने देयक व्यवहारांची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश दिल्यावर देशांतर्गत साठवणीला आणखी मागणी आली. समुद्री केबलचे किनाऱ्यावरील टोक, वित्तीय संस्थांचे सान्निध्य आणि वीजपुरवठा यांमुळे मुंबई व नवी मुंबईच्या पट्ट्यात डेटा सेंटरांची दाटी झाली. कापडगिरण्यांच्या शहराला खोपोलीने जे दिले होते, ते आता हे शहर इतरांना देऊ लागले आहे.

उच्च शिक्षण संस्थांच्या बाबतीत मात्र हिशेबाची पद्धतच निर्णायक ठरते. अनुदानाची परंपरागत विभागणी अनावर्ती व आवर्ती अशी आहे. यंत्रसामग्री एकदा विकत घेण्यास निधी मिळतो. दरमहा देय असलेल्या, तेही वापरानुसार कमी-जास्त होणाऱ्या देयकास तो सहजासहजी मिळत नाही. विकत घेतलेला सर्व्हर जडसंग्रह नोंदवहीत दाखवता येतो, भाड्याच्या तासांची नोंद तेथे होत नाही. परिणामी, पाच टक्के वापराचे यंत्र घेणे हिशेबतपासणीच्या दृष्टीने निर्दोष आणि भाड्याने घेणे शंकास्पद ठरते. बर्कलीच्या संशोधकांचे गणित बरोबर असूनही अनेक महाविद्यालयांत धूळ खाणारे सर्व्हर दिसतात, ते आर्थिक अज्ञानामुळे नव्हे, तर लेखाशीर्षांमुळे.

या कोंडीतून अनेक संस्थांनी एक सोपी वाट काढली : विनामूल्य सेवा. गूगलने शैक्षणिक संस्थांना ई-मेल व अमर्याद साठवण विनामूल्य देऊ केली होती. जगभरातील विद्यापीठांनी आपले पत्रव्यवहार, प्रबंध, ध्वनिचित्रफिती तेथे नेल्या आणि स्वतःचे मेल सर्व्हर बंद केले. ते चालवणारी माणसेही हळूहळू अन्यत्र गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेस एकूण १०० टेराबाइट एवढीच साठवण विनामूल्य मिळेल. लहान महाविद्यालयांना ती पुरेशी होती. मोठ्या विद्यापीठांना मात्र प्राध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांच्यासाठी मर्यादा ठरवाव्या लागल्या, कोणत्या फायली ठेवायच्या आणि कोणत्या पुसायच्या याच्या सूचना काढाव्या लागल्या. १९७८ मध्ये आयबीएम गेली तेव्हा यंत्रे येथेच होती आणि ती सांभाळण्यास सीएमसी पुढे आली. या वेळी फायली उतरवून घेण्यासाठी अनेक ठिकाणी स्वतःची यंत्रे उरलेली नव्हती.